बंदरामागची द्राक्षं

आमचा रसमेळ एकोणीस निघाला, तेव्हा ट्रॅव्हल कंपनीतली स्वरा नावाची मुलगी आधी स्क्रीनकडे बघून हसली आणि मग आमच्याकडे बघून हसायची थांबली.

"शंभरपैकी?" श्रीरंगने विचारलं.

"हो काका. पण तसं काही मनावर घेऊ नका. हा फक्त सहलीसाठीचा आकडा आहे."

"नवरा-बायकोचा साधारण किती येतो?" मी विचारलं. असले प्रश्न मला पोटात ठेवता येत नाहीत.

"एकत्र राहणाऱ्यांचा सत्तरच्या पुढे."

"आणि अनोळखी माणसांचा?"

तिने घसा साफ केला. "एसटीत शेजारी बसलेल्या दोघांचा पंधरा-वीस येतो, काकू."

म्हणजे रत्नागिरी स्टँडवरून कुठलीही एसटी पकडून शेजारच्या प्रवाशाबरोबर सहलीला गेले असते, तरी चाललं असतं. हे मी मनात म्हटलं असं मला वाटलं. बहुतेक मोठ्याने म्हटलं असावं, कारण श्रीरंग उठून पाणी प्यायला गेला.

श्रीरंग म्हणजे माझा नवरा. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्यातली एका छपराखाली किती काढली हे मोजायला बसले तर माझंच डोकं फिरेल. सहा-सहा महिने तो समुद्रावर. मग दोन-तीन महिने घरी, त्यातले सुरुवातीचे दिवस पाहुण्यासारखे आणि शेवटचे बॅग भरण्यात. मी इकडे आमची मुलगी ऋता वाढवली आणि खेडशीला कोकमाचा छोटा कारखाना उभा केला. यंदा मार्चमध्ये तो कायमचा घरी आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "आता सहलीला जायचं. द्राक्षांच्या गावाला."

आम्हाला वाइनमधलं फार कळतं अशातला भाग नाही. पण त्यामागे त्याचं एक जुनं दुखणं होतं. जगातली बंदरं पाहिली, पण बंदराच्या मागचं गाव एकही पाहिलं नाही, असं तो नेहमी म्हणायचा. जहाज लागतं ते क्रेन आणि कंटेनरच्या गर्दीत. गाव राहतं कुठेतरी लांब. फोनवर मी दर वेळी विचारायची, "काय दिसतंय रे?" आणि तो दर वेळी सांगायचा, "क्रेन."

एकदाच, पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या बंदरातून, त्याने वेगळं उत्तर दिलं होतं. "अगं, इथून जवळच नदी आत जाते. जहाज बंदरात आणणारा इथला पायलट सांगत होता, वर चढत गेलं की डोंगरच्या डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेत आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षं आहेत. डोरो म्हणतात त्या भागाला. आपण एकदा जाऊ." मी ऋताला शाळेत सोडायच्या घाईत होते. "जाऊ," म्हटलं आणि फोन ठेवला. तो मात्र ते विसरला नव्हता.

माझ्या मनात मात्र जॉर्जियातलं काखेती होतं. तिथे द्राक्षांचा रस सालीसकट माणसाएवढ्या मातीच्या रांजणांत भरतात आणि ते रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, असं मी कुठेतरी पाहिलं होतं. माझं आगळ, म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, खारवलेला रस, चिनीमातीच्या बरण्यांत मुरतं. त्यामुळे ते रांजण मला सासरच्या लांबच्या नात्यातले वाटले. आधी डोरो की आधी काखेती, यावरून आमचं छान भांडण जुंपलं. खरं सांगायचं तर लग्नानंतर इतकं निवांत भांडायला आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं.

ते ऐकून पुण्याहून ऋता फोनवर म्हणाली, "आई-बाबा, भांडताय कशाला? रसमेळ करून घ्या की. माझ्याकडून भेट." झालं. आमच्या भांडणात यंत्र शिरलं ते असं.

हे यंत्र काय करतं, ते स्वराने आम्हाला फार सोपं करून सांगितलं होतं. द्राक्षातला बराचसा सुवास मोकळा नसतोच. त्याच्या कणाला साखरेचा कण चिकटून बसलेला असतो, आणि अशा बांधलेल्या सुवासाला वास नसतो. बंद वेलदोडा नाकाशी धरावा तसं. मग तो वेलदोडा सोलतं कोण? तर आपल्या तोंडातले जंतू. जिभेवर, हिरड्यांशी त्यांची वस्ती असते. वाइनचा घोट तोंडात गेला की ते साखरेचा कण कुरतडून काढतात, सुवास सुटतो आणि घशामागून नाकात चढतो. आता कोणाच्या तोंडात कुठले जंतू, हे त्याच्या खाण्यावर, सवयींवर आणि तो कोणाबरोबर राहतो त्यावर ठरतं. म्हणून एकाच बाटलीतली वाइन एकाच्या तोंडात फुलते आणि दुसऱ्याच्या तोंडात नुसतीच आंबट लागते.

यंत्राची पट्टी जिभेवर ठेवली की ते या वस्तीची शिरगणती करतं, सोबत नाकाची जनुकं वाचतं आणि जगातल्या कुठल्या भागातली द्राक्षं तुमच्या तोंडात फुलतील ते सांगतं. दोघांच्या वस्त्या किती सारख्या, तो झाला रसमेळ.

चार वर्षांत या पट्टीने जगाचा प्रवास बदलून टाकला होता. नावाजलेल्या गावांत शुकशुकाट झाला आणि कोणी ऐकली नव्हती अशी गावं भरली. आपल्या दिंडोरीला जपानहून विमानं भरून माणसं यायला लागली. इथवर ठीक होतं. पण लोकांना आकडा मिळाला की ते तो सहलीपुरता ठेवतात थोडेच! स्थळ बघताना पत्रिकेबरोबर रसमेळ मागायला लागले. लग्नाला दहा वर्षं झाली तरी आकडा पन्नासवर का, म्हणून घरोघरी रुसवेफुगवे सुरू झाले. बाजारात जंतूंच्या गोळ्या आल्या, पण ते भाडोत्री जंतू दोन दिवसांत गाशा गुंडाळतात. हॉटेलांनी नवरा-बायकोसाठी वेगवेगळी टेबलं मांडली, आणि ट्रॅव्हल कंपन्यांनी वेगवेगळ्या सहली.

आम्हालाही स्वराने तेच सुचवलं. श्रीरंगच्या तोंडाला डोरो उत्तम, काखेती अगदीच वाईट. माझ्या तोंडाला काखेती उत्तम आणि डोरो म्हणजे तोंडाला पानं पुसलेली. "दोघं मुंबईहून एकाच दिवशी निघा, एकाच दिवशी परत या," ती म्हणाली. "हल्ली खूप जोडपी असं करतात, काकू."

आम्ही घरी आलो. चपला काढता काढता श्रीरंग म्हणाला, "तसं बघायला गेलं तर बरोबर आहे तिचं. तू काखेतीला जा, मी डोरोला जाऊन येतो. दोघांच्याही पैशांचं चीज होईल."

"म्हणजे मी पुन्हा फोनवर विचारायचं, काय दिसतंय म्हणून?"

तो चपला नीट लावून ठेवत राहिला. मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. जहाज होतं तोवर लांब राहण्याला कारण होतं. आता तो घरात होता आणि तरीही आकडा एसटीतल्या शेजाऱ्याचाच होता. आम्हाला एकत्र राहता येतं की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि ही सहल वेगवेगळी झाली तर पुढचं सगळंच वेगवेगळं होईल, असं माझ्या मनाने घेतलं.

खोटं कशाला बोलू, आकड्यात तथ्य होतं. जहाजावरचं घड्याळ त्याच्या अंगातून उतरलं नव्हतं. तो पहाटेच उठायचा. उकडलेली अंडी, पाव, बिनसाखरेची काळी कॉफी, आणि वर त्या निळ्या औषधी पाण्याने खळखळून चूळ. दुपारचं जेवण बाराच्या ठोक्याला, तेही बेताचं. कोकमाने छातीत जळजळतं म्हणून सोलकढीला हात लावायचा नाही. मी कारखान्यातून दोन-अडीचला यायची आणि मासे-भात, लोणचं, आगळाचं सार असं साग्रसंगीत जेवायची. एका घरात दोन खानावळी चालल्या होत्या म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आमसुलांना पुट देणं चाललं होतं. रातांब्याची साल नुसती वाळवली तर फिकट पडते. ती त्याच फळाच्या खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. दर पुटाला रंग चढत जातो आणि शेवटी काळीभोर, रसरशीत आमसुलं तयार होतात. हे काम मी वर्षानुवर्षं करते आहे. त्या दिवशी रसात हात घालून उभी असताना मला स्वराचं निघतानाचं बोलणं आठवलं. जनुकं बदलत नाहीत, पण तोंडातली वस्ती बदलते. पाच-सहा आठवडे खाणं आणि सवयी बदलल्या तर फरक पडतो, आणि मे अखेरीपर्यंत दुसरी चाचणी फुकट आहे.

ठरलं मग. त्याचं डोरो त्याने इतकी वर्षं जपलं होतं; मी त्याच्या रसात बुडायचं, आणि तिथली वाइन माझ्याही तोंडात फुलवायची.

त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "कशाला उगाच?" आणि त्या 'कशाला'ला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. या वयात नवऱ्याला सांगायचं काय, तुझ्यासारखं तोंड करून घेते आहे म्हणून?

मी उकडलेली अंडी, पाव आणि काळी कॉफी कारखान्यात नेऊन ठेवली. निळ्या पाण्याची बाटली मिठाच्या पोत्यामागे लपवली. पहिल्या चुळीला डोळ्यांतून पाणी आलं. बिनसाखरेची काळी कॉफी हा प्यायचा पदार्थ आहे यावर माझा अजूनही विश्वास नाही, पण प्यायले. कोकम बंद, मासे बंद, लोणचं बंद. घरी आले की, भूक नाही, तिकडेच खाल्लं, असं सांगायची.

माझ्याकडे कामाला येणारी शेवंता आठवडाभर बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "वैनी, डॉक्टरनं कोकम बंद केलान काय तुमचं?"

"हो गं. पित्त वाढलंय."

"मग त्या काळ्या पाण्यानं कमी होणार हाय?" ती म्हणाली, आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

हे सगळं मी आनंदाने करत होते. फक्त घरात काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. फ्रिजमधली अंडी तशीच राहायला लागली. पावाला बुरशी आली. भर दुपारी बाराला, उन्हाच्या कारात, श्रीरंग "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडायचा आणि आल्यावर गप्प पडून राहायचा. जेवलास का विचारलं तर "हो, थोडंसं." हा घरात रमत नाहीये, एवढंच मला कळत होतं. एकदा तो गच्चीत उभा राहून समुद्राकडे बघताना दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा जहाजावर जायचं तर म्हणणार नाही ना? त्यातच स्वयंपाकघरातल्या बरणीतलं आगळ झपाट्याने खाली जात होतं. बरणी झिरपते आहे असं समजून मी ती दोनदा बदलली.

मे संपत आला तेव्हा ऋताने फोनवर आठवण केली. "फुकटची चाचणी आहे, जाणार आहात का?"

"जाऊ," मी म्हणाले.

"जाऊ की," श्रीरंगही लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की मी त्याच्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

स्वराने पट्ट्या घेतल्या, यंत्रात सरकवल्या आणि आकडा आल्यावर कपाळाला आठ्या घालून बसली. "काका, तुमची पट्टी डावीकडची ना? काकूंची उजवीकडची?" तिने दोन्ही पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. मग पुन्हा नवीन पट्ट्या घेतल्या. पुन्हा तेच.

"किती?" मी विचारलं. मला वाटत होतं, साठ तरी.

"एकवीस."

एवढी अंडी, एवढी कॉफी, त्या निळ्या पाण्याने सोलवटलेलं तोंड, आणि बदल्यात दोन गुण.

"पण मला हेच कळत नाहीये," स्वरा म्हणाली. "काकू, तुम्हाला आता डोरो उत्तम येतंय. तेव्हाचं काकांचं तोंड जवळजवळ तसंच्या तसं. आणि काका, तुम्हाला काखेती! तुमच्या तोंडात आता काकूंची जुनी वस्ती आहे. तुम्ही दोघांनी चक्क घर बदललंय."

मी श्रीरंगकडे वळले. त्याचे कान लाल झाले होते.

"तू काळी कॉफी पितेस?" त्याने विचारलं.

"आणि तू? दुपारी कुठे जात होतास?"

"मांडवीच्या खानावळीत." तो शाळेतल्या पोरासारखा खाली बघत होता. "रोज बांगडा, तिरफळं घातलेलं. आणि सोलकढी. दोन वाट्या."

"आणि आगळ? ते तू संपवत होतास?"

"पाण्यात घालून. सकाळ-संध्याकाळ. पहिले काही दिवस छाती नुसती पेटली होती. मग झाली सवय." त्याने मान वर केली. "तुला ते रांजण बघायचे होते ना. इतकी वर्षं तू मी म्हणेन ते केलंस. म्हटलं, निदान तिथे तरी तुझ्याबरोबर नीट चाखता यावं."

"मग मला सांगायचंस ना रे!"

"तू म्हणाली असतीस, कशाला उगाच."

मला आधी हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. समोर लेकीच्या वयाची मुलगी बसली आहे, बाहेर गिऱ्हाइकं थांबली आहेत, कशाचंही भान राहिलं नाही. तो समुद्राकडे बघत होता तेव्हा माझ्या पोटात गोळा येत होता, आणि त्याच्या पोटात आगळ! श्रीरंगने खिशातला रुमाल पुढे केला. त्याला बांगड्याचा वास येत होता.

स्वराने स्क्रीन आमच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "मग बुकिंगचं काय करू? दोन वेगळ्या सहली की..."

"एकच," मी म्हणाले. "डोरो. याने बघायचं, मी चाखायचं."

"आणि पुढच्या वर्षी काखेती," श्रीरंग म्हणाला.

"तेव्हा मात्र चाचणी नको," मी म्हणाले. "तोपर्यंत एका ताटात जेवू. मग जे काय लागायचं ते लागेल."

जूनमध्ये आमसुलं वाळवणं थांबतं, कारखान्याला कुलूप लागतं, तेव्हा आम्ही निघालो. पोर्तोला त्याने मला आधी बंदर दाखवलं. कुंपणाबाहेर उभा राहून तो क्रेनकडे असा बघत होता, जसं कोणी आपल्या जुन्या ऑफिसकडे बघावं. "आतून हीच मोठी वाटायची," म्हणाला. मग आम्ही नदीकाठाने जाणाऱ्या रेल्वेत बसलो आणि आत, वर निघालो.

त्या पायलटने काही खोटं सांगितलं नव्हतं. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यांनी कापले होते आणि प्रत्येक पायरीवर हिरवेगार वेल होते. श्रीरंग खिडकीला नाक लावून बसला. मधेच माझा हात धरून दाखवायचा, "ते बघ, ते बघ." मी डोंगर कमी आणि त्यालाच जास्त बघत होते. इतकं खूश त्याला मी ऋता झाली तेव्हा पाहिलं होतं.

वरच्या एका मळ्यात आम्ही चाखायला बसलो. तिथल्या बाईंनी आमचे आकडे पाहिले, श्रीरंगकडे दयेने पाहिलं आणि त्याला वेगळ्या टेबलावर बसवायला निघाल्या. मी खुणेनेच नाही म्हटलं आणि त्याची खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवली. त्यांनी दोन ग्लास भरले.

श्रीरंगने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शाई. शाईत बुडवलेलं लाकूड."

मी घोट घेतला. आधी नुसतंच तुरट लागलं. मग घोट गिळल्यावर, मला वाटलं संपलं, तेव्हा घशामागून काहीतरी वर चढत आलं आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"काय लागतंय?" श्रीरंगने विचारलं.

मी डोळे उघडले. त्याचा आवाज ऐकून मला आमच्या घरातला फोन आठवला, कमरेवर ऋताला घेऊन उभी असलेली मी आठवले. आज तो विचारत होता आणि पल्याड मी होते.

"क्रेन," मी म्हणाले.

तो इतका मोठ्याने हसला की त्या बाई दचकल्या.

मग मी त्याला नीट सांगितलं. आधी जांभूळ, पिकून फुटलेलं. मग दुपारी उन्हात पुटं वाळताना कारखान्याच्या अंगणात जो खमंग आंबट वास भरतो, तो. मग पावसाआधीच्या मातकट वाऱ्यासारखं काहीतरी, नाव नसलेलं. आणि अगदी शेवटी, सगळं गेल्यावर, थोडीशी काळी कॉफी. तो डोळे मिटून ऐकत होता. इतकी वर्षं त्याने मला एकही बंदर धड सांगितलं नव्हतं. मी त्याला एक घोट पुरवून पुरवून सांगत राहिले.

"अजून सांग," तो म्हणाला, आणि आपला ग्लास बाजूला सारून माझा उष्टा ग्लास ओढून घेतला. "थांब, तुझ्यातलं बघू दे."

एक घोट घेतला. तोंड पुन्हा वाकडं केलं. तरी ग्लास काही त्याने परत केला नाही.

खाली नदी बंदराकडे चालली होती. आम्हाला तिच्याबरोबर जायची काही घाई नव्हती.